तुमसरचं स्थळ

आधीच माफी मागून ठेवतो. कोणा माणसाबद्दल चार पानं लिहायची आमच्या घरात कोणाला सवय नाही. बाबांचं लिहिणं सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावरच्या सहीपुरतं, आणि आई अजूनही सही करताना जीभ बाहेर काढते. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. त्यामुळे माणसाचं वर्णन डोक्यापासून सुरू करायचं की पायापासून, हे विचारायलाही घरी कोणी नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, ते कोणताही कागद हातात आला की आधी त्यातल्या चुका शोधतात. एका दुकानाच्या पाटीवरचा जीएसटी नंबर चुकला म्हणून त्यांनी दुकानदाराला भरल्या ताटावरून उठवलं होतं. हे लिखाण त्यांच्या हाती लागलं तर माझं काय होईल याची मला कल्पना आहे. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

त्यांना सगळे काकाजी म्हणतात. भंडाऱ्यात त्यांचं घर आहे आणि मागच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो. दिघोरीहून बी.कॉम. करायला आलो तेव्हा बाबांनी मला तिथेच आणून सोडलं, कारण भंडाऱ्यात आमच्या ओळखीचं ते एकच घर होतं. ती ओळख कशी झाली ते पुढे येईलच.

काकाजींचा धंदा कर सल्ल्याचा. दुकानदार, ठेकेदार, राइस मिलवाले यांचे आयकराचे आणि पीएफचे कागद ते करत. पण तो पोटाचा धंदा. आवडीचा धंदा वेगळाच होता. ते सोयरिकी जुळवत. त्याचा ते कोणाकडून काही घेत नसत. लग्नात दिलेली टोपीसुद्धा मांडवातच दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून येत.

मी एकदा विचारलं की कराचा आणि लग्नाचा मेळ कसा बसतो. ते म्हणाले, "दोन्ही कामं एकच आहेत, बाबू. माणूस जे लपवून ठेवते, ते भाईर काढा लागते."

म्हणून त्यांचा एक नियम होता. दोष आधी सांगायचा. मुलाकडच्या पाहुण्यांसमोर चहा यायच्या आधीच ते सांगून टाकत की पोरगी गुणाची आहे, पण सकाळी उठत नाही. मुलीकडे जाऊन सांगत की पोरगा कमावता आहे, पण असा घोरते की बाजूच्या घरचं लेकरू उठून बसते. दोन्हीकडचे लोक माना खाली घालत. बऱ्याच सोयरिकी तिथेच मोडत. पण ज्या जुळल्या त्यांच्यातला एकही माणूस नंतर काकाजींकडे भांडायला आला नाही. भांडायला काही शिल्लकच ठेवलेलं नसे.

त्यांच्या लुनाच्या मागे एक घडीचं स्टूल दोरीनं बांधलेलं असायचं. अशिलाच्या दुकानात गेले की ते स्वतःच्या स्टुलावर बसत. गादी दिली तरी नको, खुर्ची दिली तरी नको. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की त्याच्या बाजूनं बोलावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. स्टूल बुटकं होतं. त्यामुळे मोठमोठे व्यापारी टेबलावरून वाकून, खाली कोण बोलतंय ते पाहत.

बजेटच्या दिवशी ते उपास करत. भाषण संपेपर्यंत पाणीही नाही. काकी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, त्या दिवशी मुद्दाम वडाभात करत आणि टीव्हीसमोर आणून झाकून ठेवत. मंत्र्यांनी लांबण लावली की काकाजींचा जीव अर्धा त्या ताटाकडे. मग म्हणत, "कलम सांगा न, साहेब, कविता कायले म्हणून राहिले?"

त्यांच्या घरात एक वाक्य बोलायला बंदी होती. सरकार आपल्यासाठी काही करत नाही, हे ते वाक्य. कोणी बोललाच तर काकाजी म्हणत, "वाचलं काय तुम्ही?" मग तो माणूस संध्याकाळपर्यंत सुटत नसे. मी पहिल्या आठवड्यात बोललो होतो. त्या दिवशी मला सात योजना समजल्या आणि त्यातली एकही मला लागू नव्हती.

आता ओळखीचं सांगतो. माझी ताई माझ्याहून मोठी. लहानपणी पोलिओ झाला, त्यात तिचा उजवा पाय बारीक राहिला. ती कुबडी घेऊन चालते. बारावी झाली, कम्प्युटरचा कोर्स झाला, पण गावात त्याचा उपयोग काय, म्हणून घरी शिलाई मशीन चालवायची. काकाजी आमच्याकडे पहिल्यांदा आले ते ताईच्या सोयरिकीसाठी. त्यांच्या नियमाप्रमाणे त्यांनी पाहुण्यांना आधी दोष सांगितला. ते म्हणाले, "पोरीचा एक पाय बारीक आहे. जीभ मात्र दोन्ही पायांपेक्षा मजबूत आहे."

पायाचं पाहुण्यांनी चालवून घेतलं असतं, असं आई आजही म्हणते.

काकाजींनी ताईसाठी बरेच खेटे घातले आणि काही जमलं नाही. त्याचं त्यांना फार लागलं. ताईला काहीच लागलं नाही. तिला लग्नापेक्षा नोकरी हवी होती आणि ती हे उघड बोलायची. कोणी तिला दिव्यांग म्हटलं तरी चिडायची. म्हणायची, "लंगडी म्हणा, चालते. दिव्यांग म्हटलं का मले देवळात नेऊन बसवल्यासारखं वाटते."

मी भंडाऱ्याला राहायला आल्यावर थोड्याच दिवसांची गोष्ट. सकाळी दाढी करताना काकाजी कायदा मोठ्यानं वाचत. एका हातात वस्तरा, समोर आरशाला टेकवलेलं पुस्तक. शेजारच्यांना सवय झाली होती. त्या दिवशी वाचता वाचता ते थांबले आणि अर्ध्या साबणाच्या तोंडानं माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुझ्या ताईसाठी स्थळ सापडलं."

मला वाटलं कोणी मुलगा असेल. ते म्हणाले की नाही, मालक. आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो, चूक झाली तर आमच्या कॉलेजच्या सरांचा दोष नाही. अपंग माणसाला खासगी मालकानं कामावर ठेवलं, तर पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा, यांत मालकानं भरायचा जो हिस्सा असतो, तो पहिली तीन वर्षं सरकार भरते. शिवाय नवीन माणूस ठेवला म्हणून त्याच्या पगारावर आयकरातही काही वर्षं जास्तीची वजावट मिळू शकते. त्याला अटी आहेत. अटी सांगता सांगता काकाजींची जेवणाची वेळ झाली.

"म्हणजे पाहा," ते म्हणाले, "तुझा बाप हुंडा देऊ शकत नाही. देणं गुन्हाही आहे. पण हा हुंडा सरकार देते, आणि तोही हप्त्यानं. कायदेशीर हुंडा हा एकच."

काकी आतून म्हणाल्या, "तोंड पुसा आधी."

मालकही त्यांनी ठरवून टाकला होता. तुमसरचे एक राइस मिलवाले शेठजी. त्यांना नाव कशाला, सगळे शेठजीच म्हणत. ते काकाजींचे जुने अशील. शेठजींना आयुष्यात एकच प्रश्न पडायचा, याची सवलत मिळते काय. ट्रकचं टायर बदललं, विचारलं. मिलीत सत्यनारायण घातला, विचारलं. जुळी नातवंडं झाली तेव्हा पेढे घेऊन आले आणि पेढा हातात ठेवता ठेवता विचारलं. अशा माणसाला काकाजींनी तीन वर्षांच्या सवलतीचं सांगितल्यावर तो नाही कसा म्हणेल. मिलीच्या धर्मकाट्यावर, म्हणजे धानाचे ट्रक वजन करतात तिथल्या केबिनमध्ये, बसून करायचं काम होतंच. तिथे शेठजींचा भाचा बसायचा. बसायचा म्हणजे झोपायचा. तुमसरला आमची मावशी राहते, म्हणून ताईच्या राहण्याचीही अडचण नव्हती.

पण काकाजींची पद्धत वेगळी. शेठजी म्हणाले, पोरीला अर्ज पाठवायला सांगा. काकाजी म्हणाले, अर्ज नाही, पाहणी. ज्याला पाहिजे त्यानं पोरीच्या घरी जायचं, घरदार पाहायचं, चहा प्यायचा आणि तिथल्या तिथे बोलायचं. शेठजी डिझेलचा हिशोब करत, कुरकुरत, तुमसरहून दिघोरीला आले. येताना भंडाऱ्याला काकाजींना आणि मला गाडीत घेतलं. वाटेत त्यांनी डिझेलची सवलत मिळते काय ते विचारून घेतलं.

आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं की नोकरीचं आहे. गावाला कोण सांगणार? काकाजी गावात शिरले की सोयरीकच आली, हे गावाला पाठ. त्यात मागून पांढरी गाडी. आमच्या दारात बाया जमल्या. शेजारच्या आजीनं शेठजींना नीट न्याहाळलं, वय पाहिलं, पोट पाहिलं, आणि आईच्या कानात विचारलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पोरगा गाडीतच बसला आहे काय? का हाच आहे?"

शेठजींना ठसका लागला. आईनं आलूपोहे आणले. काकाजींनी अंगणात आपलं स्टूल मांडलं आणि नियमाप्रमाणे सुरुवात केली, फक्त या वेळी दोष मालकाचे होते.

"बाई," ते ताईला म्हणाले, "शेठजी ओरडतात. उन्हाळ्यात जास्त ओरडतात. चिक्कट आहेत. भाच्यासमोर त्यांचं काही चालत नाही. पण आजवर कोणाचा पगार बुडवला नाही, आणि मिलीत कोणत्या बाईमाणसाले वाकडं बोलू देत नाहीत. आता तुमचं सांगा."

शेठजींच्या हातातला पोह्याचा घास तसाच राहिला. ताईनं आपलं अपंगत्वाचं कार्ड पुढे केलं. शेठजींनी चष्मा लावून ते वाचलं. त्यावर पंचावन्न टक्के असं लिहिलेलं होतं. आता तीस वर्षं तांदळात गेलेला माणूस. टक्के म्हटलं की त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येते, पोत्यात तुटका दाणा किती. ते तोंडातून निघून गेलंच.

"पंचावन? एवढा तुकडा तं सरकारी गोदामवाले बी पास करत नाहीत."

 बाबा जमिनीकडे पाहू लागले. मला वाटलं, संपलं. ताई म्हणाली, "तुमच्या मिलीचा तांदूळ आमच्या रेशनात येते, शेठजी. त्यातला तुकडा आम्ही निवडत नाही, तसाच शिजवतो."

शेठजींनी कार्ड परत दिलं. मग पोह्याची बशी खाली ठेवली आणि काकाजींकडे वळून म्हणाले, "काट्यावर हे बसली तं ट्रकवाल्याची मायची हिंमत नाही होत धानात पाणी मारून आणाची." आणि नारळ मागवला. नोकरीच्या बोलणीला नारळ लागतो हे मी तिथेच शिकलो.

जाताना बाबांनी त्यांना थांबवलं. माझे बाबा फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "तीन वर्षं झाल्यावर काय?" शेठजी म्हणाले, तेव्हाचं तेव्हा पाहू. बाबा म्हणाले, "हुंडा खाऊन झाला का पोरीले माहेरी आणून सोडणारे म्या पाह्यले आहेत, शेठजी." शेठजी हसले आणि गाडीत बसले. काकाजींनी स्टुलाची घडी घातली आणि ते मांडीवर घेऊन गाडीत बसले. 

तेव्हापासून आमच्या घरात ती एक भीती राहिली. तीन वर्षं झाली की ताई परत मशीनवर येणार काय. बाबा दर फोनला मला विचारत, जसं काही सरकारचा कारभार माझ्याकडे होता.

ताईची नोकरी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी अडली. काट्याची केबिन उंच, तिला चार पायऱ्या, बाजूला कठडा नाही. काकाजींनी शेठजींना उतार बांधायला सांगितलं. शेठजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. काकाजी म्हणाले, "याची नाही. सून आणाची असन तं मांडव आपल्या खर्चानं घाला लागते." शेठजींनी आठ दिवस तोंड पाडलं, मग उतार बांधला. त्यानंतर हमालांनी त्यावरून हातगाडी न्यायला सुरुवात केली. शेठजींच्या आईचे गुडघे धरलेले, ती कित्येक वर्षांत काट्यावर आली नव्हती, ती रोज संध्याकाळी येऊन बसू लागली आणि ताईसोबत ट्रकवाल्यांना शिव्या देऊ लागली. महिन्याभरात शेठजी लोकांना सांगू लागले की उताराची कल्पना त्यांचीच.

पुढच्या वर्षी ताईला एका शिबिरात पायाला लावायचा कॅलिपर मिळाला. कुबडी सुटली, एका काठीवर ती भराभर चालू लागली. आम्ही सगळे खूश. शेठजी मात्र उतरलेल्या तोंडानं भंडाऱ्याला आले. त्यांनी काकाजींना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की कॅलिपर घातल्यावर टक्के कमी होतात काय, आणि टक्के कमी झाले तर सवलत जाते काय. मी ओसरीत अभ्यास करत होतो, मला ऐकू आलं. काकाजींनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. म्हणाले, "सून चांगली चालाले लागली म्हणून रडणारा सासरा म्या आजच पाह्यला." शेठजी म्हणाले की ते रडत नव्हते, विचारत होते. काकाजींनी कलम दाखवलं. टक्के जात नव्हते. शेठजी पेढे घेऊन तुमसरला गेले आणि ताईला दिले, चालायला लागल्याबद्दल.

एक गोष्ट मात्र होत नव्हती. लिहू की नको असं झालं होतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मिलीतला संडास कोंड्याच्या ढिगाऱ्यापलीकडे, अगदी टोकाला होता आणि जुन्या पद्धतीचा, उकिडवं बसायचा. ताईला तसं बसता येत नाही, आणि कॅलिपर घालून तर नाहीच. तिनं पहिल्याच महिन्यात कमोड मागितला होता. शेठजी म्हणाले, पाहू. हंगाम संपल्यावर पाहू. मग पुढचा हंगाम. काकाजींनीही सांगितलं, तेव्हा शेठजींनी तोच प्रश्न विचारला आणि काकाजींकडे त्याला देण्यासारखं कलम नव्हतं. त्यामुळे ताई सकाळी घरून निघाल्यावर पाणी पीत नसे. दुपारी मावशीच्या घरी जाऊन यायची, रिक्षानं, स्वतःच्या खर्चानं. मे महिन्यातसुद्धा. हे तिनं घरी कधी सांगितलं नाही. मला मावशीकडून कळलं आणि मी ते काकींना सांगितलं.

तीन वर्षं संपत आली. शेठजींनी भाच्याला पुन्हा काट्यावर बसायला सांगितलं, ताईच्या बाजूला, शिकायला म्हणून. बाबांचा फोन आला. ते म्हणाले, म्या म्हटलं होतं. मी काकाजींना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मंडई लागते न आता?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दंडार, म्हणजे रात्रभर चालणारं लोकनाट्य, असते, दुकानं असतात, आणि उपवर मुलामुलींच्या गोष्टी तिथेच निघतात. काकाजी दरवर्षी मंडया फिरत. त्या वर्षी त्यांनी तुमसरकडच्या सगळ्या फिरल्या. स्टूल घेऊन कुठेतरी झाडाखाली बसत. ओळखीचा मिलवाला दिसला की आधी पोराबाळांची चौकशी करत आणि मग सहज सांगत, जशी सोयरिकीची बातमी सांगतात तशी, की काट्यावरची एक पोरगी मोकळी होणार आहे. दोष आधीच सांगून टाकत, पाय बारीक, जीभ मजबूत. ट्रकवाल्यांनी तिची जीभ तोवर साऱ्या तुमसरमध्ये पोचवली होती. त्याच आठवड्यात एक दुसरा मिलवाला मावशीच्या घरी हजर झाला. त्याची मिल नवी होती. त्याच्या ऑफिसात कमोड होता. ताईनं त्याला बाकी काही विचारलंच नाही. महिना पुरा करून येते म्हणाली, आणि तसं शेठजींना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शेठजी भंडाऱ्याला काकाजींच्या घरी आले. त्यांना एवढं संतापलेलं मी पाहिलं नव्हतं. बसलेही नाहीत.

"काकाजी, तुम्ही माझे सल्लागार का त्याचे?"

"कराचा तुमचा," काकाजी म्हणाले. "सोयरिकीचा साऱ्यांचा."

"तीन वर्षं पोरीले सांभाळली म्या."

"सरकारनं सांभाळली, शेठजी. तुमची पाळी आता येऊन राहिली होती."

"काढतो असं म्हटलं होतं काय म्या तिले?"

"ठेवतो असं बी नव्हतं म्हटलं. भाच्याले कायले बसवलं बाजूले?"

 शेठजी म्हणाले की तिला पगार वाढवून पाहिजे असेल तर तसं बोलावं, तिकडचा किती देतो ते सांगावं. काकाजी तोंड उघडणार तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. त्या कधी पुरुषांच्या बोलण्यात पडत नाहीत. कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पगार नाही. संडास पाहिजे तिले."

शेठजी म्हणाले, "एवढ्यासाठी?"

"तुम्ही आज दिवसभर पाणी नका पिऊ," काकी म्हणाल्या, "मंग मले फोन करून सांगा, एवढं का तेवढं." आणि चहाचा कप उचलून परत आत घेऊन गेल्या.

शेठजी बिनाचहाचे गेले.  त्या दिवशी काकाजींनी एकही कलम वाचलं नाही.

त्याच आठवड्यात माझा रखडलेला निकाल लागला आणि मी एम.कॉम.साठी नागपूरला आलो. खोली सोडताना मी पाया पडलो तर काकाजींनी विचारलं की तिथल्या घरमालकाचा भाडेकरार वाचला काय. मी म्हटलं, सही केली. त्यांनी कपाळावर हात मारला. तो त्यांचा निरोप.

नागपुरात मला काही कळेना. ताईचा महिना संपत आला होता आणि ती नव्या मिलीत गेली की जुन्या मिलीत राहिली की दोन्ही हातचं सोडून घरी आली, हे कोणी सांगेना. आईला फोन केला की ती म्हणे, बाबांना विचार. बाबा म्हणत, तिलाच विचार. ताई म्हणे, काट्यावर ट्रक उभा आहे, मंग सांगते. काट्यावर, म्हणजे कोणाच्या काट्यावर, हे विचारेपर्यंत फोन कट. नव्या कॉलेजात माझं अर्धं लक्ष तिकडेच.

शेवटी एका रविवारी दुपारी तिचाच फोन आला आणि ती पहिली पाच मिनिटं नुसती हसत होती. मग बातमी सांगितली.

काकींकडून गेल्यावर शेठजींनी कोणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी काट्याच्या केबिनला लागून गवंडी उभा. उतार होता तोच पुढे वाढवला, रुंद दार लावलं, आत दोन्ही बाजूंनी धरायला दांड्या आणि मधोमध पांढराशुभ्र कमोड. भाच्याला कोंड्याच्या गोदामावर पाठवलं. आणि ताईला हमालांसमोर सांगितलं की सरकारची मुदत संपली, ते त्यांना माहीत आहे, यापुढचा हिस्सा ते स्वतः भरतील, काटा तिचाच. ताईनं नव्या मिलवाल्याला नाही कळवलं. तो काकाजींवर नाराज आहे.

पण आमच्याकडे काही नवीन आणलं की पूजेशिवाय वापरत नाहीत, मग ट्रॅक्टर असो की मोटरपंप. शेठजींनी भटजींना विचारून मुहूर्त काढला. नव्या दाराला झेंडूचं तोरण, कमोडला हळदकुंकू, समोर नारळ. शेठजींची आई खुर्ची टाकून सगळ्यात पुढे. साऱ्या मिलीचे लोक जमलेले. प्रमुख पाहुणे म्हणून काकाजींना बोलावलेलं. त्यांनी दाराच्या बरोबर समोर स्टूल मांडलं, त्यावर बसायच्या ऐवजी उभे राहिले, आणि अपंग कामगारांचे हक्क व मालकांना मिळणाऱ्या सवलती या विषयावर बोलायला सुरुवात केली. कायद्याचं नाव सांगितलं, मग त्याच्या आधीच्या कायद्याचं सांगितलं, मग दोन्हींतला फरक. शेठजी मान डोलवत होते. ताई सकाळपासून काट्यावर होती, आणि आज जवळच सोय आहे म्हणून तिनं येतानाच तांब्याभर पाणी पिऊन घेतलं होतं. काकाजी पोटकलमांवर आले तेव्हा ती काठी टेकत गर्दीतून पुढे गेली आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिली.

"काकाजी, कलम मंग सांगा," ती म्हणाली. "पहिले सारे दूर व्हा. उद्घाटन करा लागते."